१ कोटी २ लाखांच्या त्या ऑफरबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपला फ्लॅट विकत घ्यायच्या ऑफरचा, एजंटाने दिलेला कागद नीट वाचला. लगेच होकार देऊ नका. आकडा तोंडाला पाणी सुटेल असा आहे, पण त्याखालच्या अटी बघा: विसार (आगाऊ रक्कम) फक्त १ लाख, मुदत सहा महिने, रंगकामासाठी किल्ली आत्ताच, ३२ लाख रोख आणि करारात फक्त ७० लाख, खरेदीदाराला कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने विक्रीचे अधिकार), आणि खरेदीखत ‘खरेदीदार किंवा तो सांगेल त्याच्या नावे’. लाखभर रुपयांत सहा महिने घर अडवून ठेवायचं आणि तेवढ्यात वरचढ गिऱ्हाईक शोधायचं, असा हा बेत दिसतो. मिळालं तर फरक त्याच्या खिशात. नाही मिळालं तर तो विसार परत मागत बसेल, आणि तोवर आजची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेलेली असतील.

बाबा, रोखीने टॅक्स वाचतो असं एजंट सांगतो, त्याचा हिशेब मांडून बघा. रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रक) आपल्या फ्लॅटचं मूल्य ८४ लाख. करारात ७० लाख लिहिले तर फरक १० टक्क्यांच्या वर जातो, म्हणून आयकर खातं विक्री ८४ लाखांनाच झाली असं धरतं. मुद्रांक शुल्कही ८४ वरच लागतं. शिवाय घर विकताना २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. म्हणजे ३२ लाखांवर ३२ लाख! कर वाचवायचा सरळ रस्ता आहेच. फ्लॅट १९९४ चा असल्यामुळे १ एप्रिल २००१ चं मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं, आणि महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यांतला कमी कर भरायचा. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर करच नाही.

माझ्या मते सगळ्यात घातक अट कुलमुखत्यारपत्राची. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. पण विक्रीचे अधिकार दिले की खरेदीदार तुमच्या वतीने तिसऱ्याच्या नावे खरेदीखत नोंदवू शकतो, आणि पैसेही तोच घेतो. एकदा खरेदीखत नोंदलं की ‘बाकी रक्कम मिळाली नाही’ एवढ्या कारणावर ते रद्द होत नाही, वसुलीचा दावा लावावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल तेच सांगतो. म्हणून खरेदीखतात पुढच्या तारखेचे चेक ‘मिळाले’ असं लिहिलेलं असेल तर सही नाही. रक्कम खात्यात दिसली, मगच दुय्यम निबंधकाकडे अंगठा.

आई, किल्लीचं तू बघ. माणूस गोड बोलतो म्हणून देऊ नकोस. आत शिरलेला माणूस ‘मला ताबा दिला’ म्हणू लागला की त्याला बाहेर काढायला दिवाणी दावा करावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात.

एजंटाला उलट निरोप द्या: पूर्ण रक्कम बँकेतून, विसार १० टक्के, मुदत ४५ दिवस, मुदतीत बाकी न आल्यास व्यवहार रद्द आणि विसारातली ठरलेली रक्कम जप्त, हे सगळं विसारपावतीत लिहून. खरेदीदाराचं पॅन आणि पैसा कुठून येणार याचा पुरावा आधी. साठेखत (खरेदीखताआधीचा विक्री करार) नोंदवायची घाई नको, कारण नोंद झाली की ते रद्द करायला त्याचीही सही लागते. तो खरा असेल तर यातल्या एकाही अटीवर अडणार नाही. किमतीत थोडी घासाघीस करेल, करू दे.

आणि ९२ लाख देऊ करणारं ते दुसरं जोडपं हातचं जाऊ देऊ नका. त्यांच्याकडे कर्जमंजुरीचं पत्र आहे, त्यामुळे बँकेचा वकीलच कागद तपासेल. त्यांना मूळ करार, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) आणि शेअर सर्टिफिकेट यांच्या झेरॉक्सच द्या, मूळ प्रती नकोत. १ टक्का टीडीएस ते कापतील, तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो. सोसायटीने हस्तांतराचा प्रीमियम २५,००० च्या वर मागितला तर देऊ नका, कमाल मर्यादा तेवढीच आहे.

एजंट शनिवारी येणार आहे म्हणालात. तोवर कशावरही सही नको, आणि नवा मसुदा दिला तर आधी मला व्हॉट्सअ‍ॅप करा.

तुमची,
मंजू