रजेवर येण्याआधी हे वाच

परभणी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘आम्ही नाहीतरी वेगळेच राहतो, मग कागदावर वेगळं व्हायला किती वेळ लागणार?’ असं विचारतोस. वकील म्हणून आधी तेवढं सांगतो. परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर किमान सहा महिने थांबावं लागतं. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ते सहा महिने काही प्रकरणांत माफ होतात. पण तू सैन्यात, जम्मूकडं राजौरीला अन् वहिनी सेलूला घरी, हे कायद्याच्या लेखी वेगळं राहणं नव्हेच. नवराबायको म्हणून नांदणं सोडलं, तरच ते धरतात.

आणि तुम्ही नांदलात कधी?

जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक अन् 30 दिवस नैमित्तिक रजा. मागची रजा आठव. सचखंड एक्सप्रेसमधून उतरलास, लगेच शेताची मोजणी, मग चुलतभावाची सोयरीक, मग आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. वहिनी सगळ्या रजेभर पाहुण्यांना चहा करत होत्या. तुझा पगार आबांच्या हाती, कँटीनचं कार्ड थोरल्याच्या खिशात, आणि मोबाइलच्या रिचार्जला त्यांनी दिराकडं पैसे मागायचे! तुझा फोन आला की आधी आई बोलणार, मग भाऊ. वहिनींच्या हाती येईस्तोवर रेंज गेलेली. माझ्याकडं जवानांची प्रकरणं येतात, त्यात ‘संशय’, ‘हेकट स्वभाव’, ‘सासरचा जाच’ असं लिहिलेलं असतं. खोदून विचारलं की बहुतेक ठिकाणी खाली हेच निघतं.

अमेरिकेच्या सैन्यात 2011 साली 3.7 टक्के विवाह मोडले. इराक-अफगाणिस्तानच्या तैनातीचा तो काळ. पुढं प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आलं. तैनाती लांबली की धोका वाढतो, हे तिथल्या अभ्यासात दिसलंय. पण स्वतः सैन्यात असलेल्या बायकांचे संसार पुरुष सैनिकांच्या दुपटीहून जास्त मोडतात. बाई दूर गेली की घर तिच्यासाठी थांबत नाही, असाच मी त्याचा अर्थ लावतो. आपल्याकडं थांबायचं ते बाईनंच, म्हणून संसार टिकलेला दिसतो. मला हे फार लागतं रे.

पुढची पोस्टिंग पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठाण्याला असेल तर फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज टाक. फील्डमध्येच, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा जागी राहिलास तर मागं राहिलेल्या कुटुंबांसाठी छावणीत घरं असतात, युनिटमध्ये चौकशी कर. घरखर्चाचे पैसे थेट वहिनींच्या खात्यावर पाठव. आबा रागावतील, त्यांच्याशी मी बोलतो. आणि यंदा रजेचा पहिला आठवडा दोघंच कुठंतरी जा, औंढ्याला जा, वेरूळला जा, पण घरी थांबू नकोस.

एवढं करूनही दोघांना वेगळंच व्हायचं असलं, तर अर्ज मी लिहीन, एक पैसा घेणार नाही. पण आधी वहिनींना विचार. तुझ्या चार पानांच्या पत्रात त्यांचं काय म्हणणं आहे, याची एक ओळसुद्धा नाही.

तुझाच,
बालमित्र