टाळू भरताना

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

चि. सोहम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, माणसाची बुद्धी वरूनच कुणीतरी आणून घातली असेल का गं?" तेवढ्यात ताईचं बाळ रडायला लागलं आणि मी फोन ठेवला. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आत्ता बाळ निजलंय, म्हणून लिहायला बसले.

मेंदू एकाएकी इतका मोठा कसा झाला, असं तुझं म्हणणं. एकाएकी नाही रे झाला. 1974 साली इथिओपियात लूसी नावाच्या एका आदिमानव बाईची हाडं सापडली, 32 लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालायची, पण तिचा मेंदू जेमतेम आपल्या गोकुळच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढा. आपला तसल्या पावणेतीन पिशव्यांएवढा. नंतरच्या काळातल्या होमो इरेक्टस या आदिमानवाचा या दोन्हींच्या मधला. म्हणजे आधी माणूस उभा राहिला, डोकं मागून सावकाश वाढत गेलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणून निघालेलं जुनं कोल्हापूर दोन हजार वर्षांचं, तर आपल्याला त्याचं केवढं अप्रूप! मोरोक्कोत आपल्याच प्रजातीच्या माणसाची हाडं मिळालीत, ती तीन लाख वर्षांची. एवढा काळ मनात मावत नाही, म्हणून वरून कुणी आलं असेल असं वाटून जातं.

पण मेंदू वाढला कशानं? कुणी म्हणतात, चुलीनं. शिजवलेलं लवकर पचतं, त्यातून जास्त ताकद मिळते, आणि मेंदूला खायला लागतं फार. वजनानं अंगाचा दोन टक्के, खातो मात्र 20 टक्के. पाच वर्षांच्या पोराचा तर याहून कितीतरी जास्त. (बालवाडीतनं आल्या आल्या तू टोपल्यातली भाकरी काढून खायचास, ते आता कळलं.) चुलीचं मला पटतं, पण तेवढ्यानं समाधान होत नाही.

रोज सकाळी मी बाळाची टाळू भरते. तळव्यावर कोमट खोबरेल घ्यायचं आणि हलक्या हातानं मधोमध जिरवायचं. तिथं हाड नाही. मऊ कातडीखाली धकधक लागते बोटांना. तुझी टाळू तुझ्या आज्जीनं भरली, मला हात लावायची भीती वाटायची. जन्मतो तेव्हा आपला मेंदू मोठ्या माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो. बाकीचा बाहेर आल्यावर वाढतो, मांडीवर, आपलं बोलणं ऐकत. म्हणून तर कवटीचे सांधे उघडे. म्हशीचं रेडकू तासा-दोन तासांत उभं राहतं. आपल्या पोराची मान धरायलाच तीन-चार महिने जातात.

असलं लेकरू एकट्या आईला जगवता येत नाही. आज्जी लागते, मावशी लागते, शेजारीण लागते. आणि लेकरालाही कुणाच्या मनात काय आहे, कोण जवळ घेईल, हे ओळखावं लागतं. दुसऱ्याच्या मनात शिरायची ही जी कला, तिथूनच आपली बुद्धी सुरू झाली असावी. सारा हर्डी म्हणून अमेरिकेतल्या एक मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी पुष्कळसं असंच मांडलंय. शेवटी हा तर्कच आहे, पण बाळ मांडीवर असताना मला तो खरा वाटतो.

आणखी एक सांगते, ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. स्पेनमध्ये अटापुएर्का इथं एका लेकराची कवटी सापडली, चार लाखांहून जास्त वर्षांपूर्वीची. तिचा एक सांधा वेळेआधीच जुळून गेला होता, त्यामुळे डोकं वाकडं झालेलं. ते इतरांसारखं नव्हतं, हे बघणाऱ्याला लगेच कळत असणार. तरी ते निदान पाच वर्षांचं होईतो जगलं. आपल्या प्रजातीचा माणूस अजून जन्मायचा होता, आणि तेव्हाही कुणीतरी त्या लेकराला भरवत होतं, कडेवर घेऊन फिरत होतं. ती बाई कोण असेल रे? तिच्याजवळ शब्द असतील का?

दिवाळीला नक्की ये. तोवर बाळ सहा महिन्यांचं होईल, टाळू भरून आलेली नसेल. हात स्वच्छ धुऊन, दोन बोटं अलगद ठेवून बघ.

तुझी,
आई