मावशींना ‘ग गवताचा’ कशाला?

महोदय,

‘उल्लास’ म्हणजेच नवभारत साक्षरता कार्यक्रमात (2022-27) 15 वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांनी शिकवायचे आहे. मीही संध्याकाळी असा वर्ग घेते. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ‘ग गवताचा’ काढला, तेव्हा जन्मभर गवत कापलेल्या एक मावशी म्हणाल्या, “बाई, गवत मला ठावं हाय. यष्टीची पाटी वाचाया शिकवा. दर खेपेला पोरांना इचारावं लागतंय.”

दुसऱ्या दिवसापासून पाट्याच घेतल्या. ‘वाई’ एका बैठकीत आली, ‘महाबळेश्वर’ला मात्र आठवडा गेला! हिशेब त्यांचा तोंडी माझ्यापेक्षा पक्का. अडते ते कागदावर. त्यातून आपण शिकवायचे मराठी आकडे आणि मोबाइलवर, पासबुकात इंग्रजी. दोन्ही शेजारीशेजारी मांडले तर गोंधळ कमी होतो.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर. त्या फोटोंचे कौतुक सगळ्यांनी केले. पण मोठ्या माणसांना चुकल्यावर सर्वांदेखत टोकले की ती दुसऱ्या दिवशी येत नाहीत, हे आम्हाला प्रशिक्षणात कुणी सांगितले नाही.

आणखी एक साधी गोष्ट. माझ्या वर्गातल्या दोघी ‘मठ्ठ’ ठरल्या होत्या. त्यांना जवळचे दिसतच नव्हते. वर्ग सुरू करण्याआधी गावात डोळे तपासून चष्मे द्यावेत, पुस्तके नंतर वाटली तरी चालतील.

— एक स्वयंसेविका, जि. सातारा