बाबांच्या गाडीतला साक्षीदार

पुणे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, डॅशकॅमचं, म्हणजे गाडीच्या काचेवर लावून रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं, पार्सल या आठवड्यात फोंड्याला पोचेल. "इतकी वर्षं गाडी चालवली, आता पाळत कशाला?" असं तुम्ही फोनवर म्हणालात. पाळत तुमच्यावर नाही हो. बाणास्तारीच्या पुलाजवळ तो रेंटच्या स्कूटरवाला डावीकडून घुसला, गाडी घासली आणि वर चार माणसं जमवून तुमच्याकडूनच पैसे घेऊन गेला, ते मला अजून सहन होत नाही. तुमचं खरं होतं, पण दाखवायला हातात काही नव्हतं. बांबोळीच्या हॉस्पिटलात तपासणीसाठी जाणं तर चालूच राहणार.

दुकानात सगळे 'फोर-के', म्हणजे चित्र किती बारीक टिपतं, ते आधी सांगतात. मी आधी विचारलं, आत बॅटरी आहे की कपॅसिटर? मे महिन्यात हॉस्पिटलच्या आवारात गाडी उन्हात उभी राहते तेव्हा काचेमागे 60 अंशांच्या वर सहज जातं. त्या उष्णतेत लिथियम बॅटरी फुगते, कॅमेरा बंद पडतो आणि नेमका हवा त्या दिवशी ते कळतं. कपॅसिटर ऊन सोसतो. त्यात वीज जेमतेम काही सेकंदांची साठते, पण चालू फाइल नीट बंद व्हायला तेवढी पुरते. चित्र टू-के आहे, फोर-केपेक्षा कमी बारीक. पुढच्या गाडीची नंबरप्लेट दिवसा स्पष्ट दिसते. रात्री समोरून हेडलाइट आले तर कुठलाच कॅमेरा खात्री देत नाही. मेमरी कार्ड साधं नाही, 'हाय एन्ड्युरन्स' घेतलंय, कारण यात सतत जुनं पुसून नवं लिहिलं जातं. 128 जीबीत पुढच्या-मागच्या कॅमेऱ्याचं मिळून सहा-सात तासांचं राहतं.

बसवायला नेहमीच्या गॅरेजमधल्या इलेक्ट्रिशियनलाच बोलवा आणि तो काम करताना शेजारी उभे राहा. वायर कापून जोड मारू देऊ नका. फ्यूज बॉक्समध्ये लावायचा टॅप, म्हणजे वायर न कापता वीज घ्यायचा जोड, मी पाठवलाय. चावी फिरवल्यावरच वीज येते अशा फ्यूजवर तो लावायला सांगा. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करायची सोय यात आहे, ती मुद्दाम घेत नाही. तुमची गाडी आठवड्यातून दोनदा निघते, उरलेले दिवस कॅमेरा गाडीची बॅटरी पीत बसेल. काचेच्या कडेच्या खांबात एअरबॅग आहे. वायर तिच्या मागून जायला हवी. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना वायर आड येते. याबाबतीत "चलता साब" ऐकून घेऊ नका.

कॅमेरा आरशाच्या मागे, पण वायपर जिथपर्यंत काच पुसतो त्याच भागात हवा. नाहीतर आपल्या पावसात चार महिने नुसते थेंब दिसतील. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके आहेत ना, त्यांवर टेप धरत नाही. काच स्पिरिटने पुसून कोरडी झाली की चिकटवायचा.

आई, हे तुझ्यासाठी. काही झालंच, तर आधी माणसांना लागलंय का ते बघा. मग कॅमेऱ्यावरचं लाल बटण दाब, म्हणजे ती फाइल पुसली जात नाही. नंतर इंजिन बंद करून कार्ड काढ आणि पर्समध्ये ठेव. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या व्हिडिओचा दर्जा उतरतो, म्हणून मूळ कार्ड जपायचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्रही द्यावं लागतं. वेळ आलीच तर ते वकिलांकडून करून घेऊ. माइक मी बंद ठेवायला सांगितलाय, गाडीतलं तुमचं बोलणं तुमच्यापुरतंच राहू दे.

महिन्यातून एकदा कार्ड फॉरमॅट करावं लागतं. चवथीला येईन तेव्हा बाबांच्या हातून करून घेईन, तोवर शेजारच्या मुलाला सांगा.

बसवून झालं की मंगेशीपर्यंत एक फेरी मारा आणि त्यातली एक फाइल मला पाठवा. कॅमेरा आभाळाकडे तर बघत नाही ना, ते मी इथून तपासते.

तुमची,
बाय