डोंगराच्या छायाचित्राला वाइड लेन्सच हवी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी भटकंतीतील छायाचित्रणावर आलेला लेख वाचला. कॅमेरा पावसापासून कसा जपावा, याविषयीचा त्यातील भाग उत्तम आहे. मात्र ‘निसर्गदृश्ये टिपायची तर सर्वांत आधी वाइड अँगल लेन्स घ्यावी’ हा सल्ला मला पटला नाही. दुकानदार तेच सांगतो, कॅमेरा क्लबातील जुने सभासद तेच सांगतात, आणि हौशी माणूस १४ किंवा १६ मिलिमीटर फोकल लेंग्थच्या लेन्ससाठी (हा आकडा जितका लहान, तितके चौकटीत जास्त मावते) पदरचे बरेच पैसे मोजून सह्याद्रीत येतो. माझे मत असे, की डोंगरात फिरणाऱ्याने कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सनंतर दुसरी लेन्स घेताना आधी ७० ते २०० मिलिमीटरच्या झूमचा विचार करावा.

याचे कारण साध्या भूमितीत आहे. ३६ बाय २४ मिलिमीटर सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंश आणि उभ्या दिशेने ५३ अंश पाहते. पाच किलोमीटरवर पायथ्यापासून ३०० मीटर उठलेला एखादा सुळका आपल्या डोळ्यांपुढे जेमतेम साडेतीन अंशांचा असतो. या लेन्सने तो चौकटीच्या उंचीचा सतरावा हिस्सा भरतो; म्हणजे आपल्या अंकात ते छायाचित्र सहा सेंटिमीटर उंचीचे छापले, तर सुळक्याच्या वाट्याला साडेतीन मिलिमीटर येतात. तिथेच उभे राहून १०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर तो चौकटीचा पाव भाग व्यापतो. वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रांत अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले इतके केविलवाणे का दिसतात, याचे उत्तर बहुतेक वेळा इतकेच असते. प्रत्यक्षात आपली नजर त्या कातळावर खिळलेली असते आणि आजूबाजूचे आभाळ व गवत मनाने केव्हाच वगळलेले असते. वाइड लेन्स मात्र त्यातले काहीही वगळत नाही.

मावळत्या सूर्याचे तसेच. सूर्य आणि चंद्र दोन्ही आकाशात साधारण अर्ध्या अंशाचे दिसतात, त्यामुळे सेन्सरवर त्यांची प्रतिमा फोकल लेंग्थच्या सुमारे ११० व्या हिश्श्याएवढी पडते. २४ मिलिमीटरच्या लेन्सने ती पाव मिलिमीटरही भरत नाही, तर २०० च्या लेन्सने पावणेदोन मिलिमीटरच्या पुढे जाते. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला, तेव्हा त्यांनी ८ बाय १० इंची फिल्मच्या कॅमेऱ्यावर २३ इंच फोकल लेंग्थची लेन्स वापरली होती. आजच्या फुल फ्रेमच्या हिशेबात ती सुमारे ८० मिलिमीटरची होते. निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणात ज्या चित्राचा वारंवार दाखला दिला जातो, ते चित्र वाइड लेन्सचे नाही, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

लेखात आणखी एक विधान होते, की टेलिफोटो, म्हणजे मोठ्या फोकल लेंग्थची लेन्स डोंगर ‘जवळ ओढून’ एकावर एक रचते. हा समज सार्वत्रिक आहे, पण बरोबर नाही. पुढच्या-मागच्या वस्तूंचे एकमेकांशी असलेले प्रमाण फक्त आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते. एकाच जागेवरून २४ आणि १०० मिलिमीटरने दोन चित्रे घ्यावीत आणि पहिल्याचा मधला तुकडा कापून दुसऱ्याशेजारी ठेवावा. डोंगरांच्या रांगा दोन्हींत तंतोतंत सारख्या बसतील, फरक राहील तो बारकाव्यांचा. म्हणून आधी जागा निवडावी आणि त्या जागेवरून जेवढे हवे तेवढेच चौकटीत घेणारी लेन्स मग काढावी. ‘पायांनी झूम करा’ हा शहरातील रस्त्यांवर योग्य असलेला उपदेश कड्याच्या टोकावर कोणी पाळू नये, हे वेगळे सांगायला नकोच. त्याच कारणाने डोंगरात मला एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सपेक्षा झूम बरी वाटते. शिवाय पावसात लेन्स बदलण्याचे संकटही टळते.

कास पठारावर तर हा प्रश्न चित्राच्या चांगलेवाईटपणापुरता उरत नाही. जांभ्यावरील मातीच्या पातळ थरात उगवणारी सीतेची आसवे, गेंद, तेरडा, सोनकी ही सगळी मंडळी अंगाने लहान आहेत. वाइड लेन्सने फूल ठसठशीत आणि मागे आभाळ अशी चौकट हवी असेल, तर लेन्स फुलापासून वीतभर अंतरावर न्यावी लागते, आणि तिथवर पोहोचण्यासाठी पायवाट सोडून इतर फुलांवर गुडघे टेकावे लागतात. याउलट पायवाटेवरच बसून, कॅमेरा फुलांच्या उंचीच्या थोडा वर धरून, १५० ते २०० मिलिमीटरने तिरप्या नजरेने पाहिले, तर दूरदूरची फुले एकमेकांमागे दाटून येतात आणि ज्याला सगळे ‘गालिचा’ म्हणतात तो खऱ्या अर्थाने चित्रात उतरतो. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत कासचा समावेश आहे. तिथे जाणाऱ्यांना वाइड लेन्सची शिफारस करताना या दुसऱ्या बाजूचा विचार व्हायला हवा होता.

वाइड लेन्सचे महत्त्व मी नाकारत नाही. हरिश्चंद्रगडाचा अर्धवर्तुळाकार कोकणकडा त्याच्या काठावर उभे राहून एका चौकटीत घ्यायचा, तर १६ ते २० मिलिमीटरला पर्याय नाही. सांदण दरीच्या अरुंद घळीत मागे सरकायला जागाच नसते. इंद्रधनुष्याची त्रिज्या ४२ अंशांची असल्यामुळे सूर्य क्षितिजालगत असताना पूर्ण कमान ८४ अंश रुंद होते. २४ मिलिमीटरमध्ये ती मावत नाही, १८ मिलिमीटरमध्ये मावते. मात्र सूर्य पाठीशी असताना दरीतल्या धुक्यावर दिसणारे इंद्रवज्र, म्हणजे आपल्या सावलीभोवतीचे रंगीत वर्तुळ, त्या मानाने बरेच लहान असते आणि त्याला बहुधा ३५ ते ५० मिलिमीटर पुरतात. दोन्ही गोलच म्हणून दोहोंसाठी एकच लेन्स काढणाऱ्यांची निराशा होते. वाइड लेन्सवर पोलरायझर, म्हणजे आभाळ गडद करणारा फिल्टर, लावताना जपावे, कारण सूर्यापासून ९० अंशांवरचा पट्टाच तेवढा गडद होऊन आभाळ डागाळल्यासारखे दिसते.

टेलिफोटोच्याही अडचणी आहेत. एप्रिल-मे महिन्यांतल्या धूसर हवेत दूरचे काहीच धड येत नाही. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरपासूनचा काळ तिचा. हात हलल्याचा दोष चटकन दिसतो, त्यामुळे ट्रायपॉड किंवा निदान दगडाचा आधार लागतो. अग्रभागातील दगड आणि दूरचा डोंगर हे दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर एफ/११ एवढ्या बारीक छिद्रावर (अ‍ॅपर्चरवर) २४ मिलिमीटरची लेन्स पावणेदोन मीटरच्या आसपास फोकस करून भागते. २०० मिलिमीटरला तेच अंतर १२० मीटरच्या घरात जाते, तेव्हा तिथे अग्रभागाचा नाद सोडलेला बरा. एफ/२२ पर्यंत छिद्र बारीक करून काही साधत नाही, प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते.

खर्चाचाही विचार व्हावा. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो आणि निकॉन, सोनी, फुजीच्या अशा कॅमेऱ्यांत फुल फ्रेमशी तुलना करताना फोकल लेंग्थला दीडने, तर कॅननमध्ये १.६ ने गुणावे लागते. म्हणजे दीडच्या हिशेबाने कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८ ते ५५ ची किट लेन्स २७ ते ८२ चे काम करते, आणि ५५ ते २०० ची साधी झूम ८२ ते ३०० चे. वाइड बाजू बरीचशी आपल्याकडे आधीच असते. नसते ती दुसरी. मोबाइलवाल्यांनीही ‘०.५’ चे, म्हणजे वाइडचे, बटण दाबण्याआधी, फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असल्यास तिच्यातून एकदा डोंगराकडे पाहावे.

आपल्याला एक विनंती आहे. वाचकांची पावसाळी छायाचित्रे छापताना ठिकाणाच्या नावाशेजारी फोकल लेंग्थ आणि सेन्सरचा आकारही द्यावा. त्याला अर्धी ओळही लागणार नाही आणि नव्याने लेन्स घेऊ पाहणाऱ्याला कोणत्याही जाहिरातीपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा