डाव्या हाताची दोन बोटं

सोलापूर, २१ जानेवारी

चि. सिद्धाराम यास अण्णांचा आशीर्वाद.

आपल्या जुन्या जावा मोटारसायकलचा कार्बोरेटर या पार्सलमध्ये आहे. तू दोन दिवस सगळी शेड धुंडाळलीस तेव्हा तो आईच्या ज्वारीच्या डब्यात होता. मीच लपवला होता. तू पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने न बोलता निघून गेलास आणि मी जागा असूनही अंथरुणातून उठलो नाही, ते अजून टोचतंय. रागावण्यासाठी लिहीत नाही. रागावून झालं, गल्लीनेही ऐकलं. एकच सांगायचं आहे: ॲक्सिलरेटरची मूठ सोडताना क्लच दाब. बाकी तू शहाणा आहेस.

तू गेल्यावर मी जाम झालेल्या इंजिनचं हेड उतरवलं, सिलिंडर काढला. पिस्टन आत्ता माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवला आहे. सायलेन्सरच्या अंगाला दोन बोटं रुंद पट्टा ओरखडलाय. ॲल्युमिनियम लिंपल्यासारखं रिंगवर चढलंय, वरची रिंग खाचेतच बसली आहे, नखाने हलत नाही. कार्बोरेटरच्या अंगाने मात्र पिस्टन नव्यासारखा चकाकतोय. खरं सांगू, मी आधी चार कोपरे पाहिले. पिस्टनने चारी कोपऱ्यांना धरलं असतं तर बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, घट्ट राहिला असं झालं असतं, आणि बोअर मी केला होता. सिलिंडर बाहेर काढेपर्यंत माझा हात थरथरत होता. कोपरे स्वच्छ निघाले. तेव्हा मी तिथेच पिंपावर बसलो, किती वेळ ते माहीत नाही.

कारण सापडलं आहे, नीट वाच. कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, तू मे महिन्यात ठरवलास, भर दुपारी. तेव्हा आपल्याकडे ४३ अंश होतं. गरम हवा विरळ असते, तिला पेट्रोल कमी लागतं. १४० चा जेट तेव्हा बरोबर होता, प्लगही चहाच्या रंगाचा आला होता, मी पाहिला होता. पण जानेवारीतली गड्डा यात्रेची पहाट म्हणजे गार, दाट हवा. तिला तेवढं पेट्रोल पुरत नाही. आणि आपल्या गाडीचं तेल पेट्रोलमध्येच, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडलं. त्यात समोर उसाचा ट्रॅक्टर वळला आणि तू मूठ एकदम सोडलीस. इंजिन पूर्ण वेगात फिरतंय आणि वरून पेट्रोल बंद, म्हणजे तेल बंद. टू-स्ट्रोक तिथेच धरते, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. वेग चढताना कमी, मूठ सोडताना जास्त. मागचं चाक जाम झालं आणि तू घासत गेलास.

म्हणून डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर. पूर्ण वेळ. मूठ सोडलीस की क्लच आत, मग इंजिन धरलं तरी चाक मोकळं राहतं आणि गाडी सरळ घरंगळत जाते. ही सवय हाताला लागली पाहिजे, डोक्याला विचारायला वेळ नसतो.

आणि तुळजापूर रोड हा काही गाडी ताणून बघायचा रस्ता नाही! पहाटे सहाला ऊस चालतो, देवीला पायी जाणारी माणसं असतात, कुत्री असतात. तुझ्या हाडांचं एक वेळ सोड, पण एखादं लेकरू आडवं आलं असतं तर काय तोंड दाखवलं असतंस? तीस वर्षांचा झालास तरी... असो. हे सगळं त्या दिवशी बोलून झालंय. चारचौघांत बोललो, तेवढं तरी करायला नको होतं. माफ कर.

तुला वाटतं मला वेगाची भीती वाटते. तसं नाही रे. मी गिरणीत अठरा वर्षं मागांमध्ये काढली. आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा समोरून जायचा आणि आम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून डबे खायचो. शिवाप्पाकाकांचा डोळा गेला तेव्हा मी शेजारच्या मागावर होतो. धोटा सुटण्याआधी माग आवाज बदलतो, एक ठोका जड पडतो. मी तो ऐकला. हात पट्ट्याकडे गेलासुद्धा. पण पोचला नाही. तो जड ठोका मला अजून रात्री कधीतरी ऐकू येतो, आणि सोळा तारखेला पहाटे तुझा फोन आला, “अण्णा, आईला सांगू नका,” तेव्हाही तोच ऐकू आला. इंजिनही धरण्याआधी सांगतं. ताकद किंचित बसते, आवाज बारीक होतो. पण तू हेल्मेटमध्ये, वारा कानात, तुला ते ऐकू येणार नाही. म्हणून बोटं आधीच तिथे असली पाहिजेत.

परत तेच लिहिलं. लिहिणार नव्हतो.

शेडच्या भिंतीवर तू बर्ट मन्रोचा फोटो लावलास. रोज सकाळी शटर वर केलं की तो दिसतो. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलचा माणूस, १९२० सालची इंडियन स्काउट, मुळात ताशी ५५ मैल जाणारी. जन्मभर तीच गाडी घासत राहिला, पिस्टन घरी ओतले, आणि १९६७ साली बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १८३ मैलांच्या वर गेला. आपल्या हिशेबाने २९५ किलोमीटर. वय ६८. तू मला हे सांगत होतास तेव्हा तुझं लक्ष त्या आकड्यावर होतं. माझं लक्ष त्याच्या शेडमधल्या फळीवर होतं. फुटलेले पिस्टन, मोडलेले रॉड त्याने मांडून ठेवले होते आणि वर लिहिलं होतं, वेगाच्या देवाला वाहिलेलं. मी तुला विचारलं होतं, तो गेला कधी? तू म्हणालास, १९७८ मध्ये, घरच्याच गावी. कशासाठी विचारतोय ते तुला तेव्हा कळलं नसेल. ७८ वर्षं जगला तो. एवढंच मला हवं होतं.

हा पिस्टन मी टाकून देणार नाही. आपल्याही शेडमध्ये फळी आहे.

तुला एक सांगायचं राहून गेलं. क्रँकची बेअरिंगं बसवली तो दिवस मला फार आवडला होता. रात्रभर बेअरिंगं फ्रिजमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी, आणि सकाळी क्रँककेस आईच्या भाकरीच्या तव्यावर, गॅस बारीक. तू बोट ओलं करून थेंब टाकलास, चर्र झालं, आणि बेअरिंग नुसतं वर धरलंस तर स्वतःच्या वजनाने आत गेलं. टक्. हातोडीचा एक ठोका नाही. हे मी तुला शिकवलेलं नव्हतं. मी आयुष्यभर लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन बेअरिंगं बसवली. आई तव्यावरून ओरडत होती आणि मला मात्र आत काहीतरी भरून आलं होतं. त्या दिवशी बोललो नाही.

हवाईपट्टीवर ताशी एकशे पन्नास किलोमीटर गाठायचं म्हणतोस तर हिशेब मी पण मांडून बघितला. कंपनीतून आली तशी जुनी जावा एकशे दहाच्या आसपास, ताकद १२ हॉर्सपॉवर. वाऱ्याला ताकद वेगाच्या घनात लागते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. दीडशेला अडीचपट पडते, म्हणजे ३० हवेत. पोर्ट आणि त्या फुगीर सायलेन्सरने किती मिळेल ते तू जाण, पण टाकीवर पोट टेकून पालथा झालास तर वारा कमी लागेल आणि तेवढे हॉर्सपॉवर फुकट वाचतील. सायलेन्सरचे शंकू मी पुन्हा वळून ठेवलेत, पडताना चेपलेला भाग कापून टाकला. जोड बारीक आला आहे. अप्पाकाका असते तर त्यांनी त्यांच्या गाडीची ही दशा बघून आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग पहिल्यांदा तेच बसले असते.

पार्सलमध्ये काडेपेटीत मोठ्या भोकाचे दोन जेट आहेत, १४५ आणि १५०. हवाईपट्टीवर सकाळी आधी १५० लाव. पूर्ण मुठीवर असतानाच इंजिन बंद कर, त्याच क्षणी क्लच, गाडी थांबली की प्लग बघ. काळा आला, म्हणजे पेट्रोल जास्त, तर १४५ वर ये; पांढरा आला, म्हणजे पेट्रोल कमी, तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. तेल वीसला एक घाल, धूर झाला तर होऊ दे. नवा पिस्टन ०.२५ ओव्हरसाइझ मिळाला आहे. सिलिंडर पुढच्या आठवड्यात बोअर करतो. शनिवारी आलास तर दोघं मिळून बसवू. आलास तर.

शेंगाचटणी वेगळ्या पुडीत आहे, कार्बोरेटरचा वास लागू नये म्हणून आईने दोनदा बांधली. जिन्यावरून घसरलो असं तू तिला सांगितलंस. तिने तुझी पँट धुतली, डांबर निघालं नाही. मला काही विचारलं नाही. चटणी मात्र नेहमीपेक्षा जास्त दिली आहे.

तुझा डावा हातमोजा इथेच राहिला होता. त्यात वर्तमानपत्र कोंबून मी मुठीवर चढवला आणि क्लचची लिव्हर तापवून त्याच्या मापाने आत घेतली. आता दोन बोटं नुसती ठेवली तरी पोचतात, ताणावं लागत नाही. लिव्हर गाडीला लावून ठेवली आहे. हातमोजा पाठवत नाही, तळवा फाटलाय. नवा घे, चामड्याचा, पैसे पाठवतो.

तुझे
अण्णा