एचआर मॅडम, त्या दिवशी तुमचं नेट बंद होतं त्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही आणि तुम्ही अजून तिथेच आहात, उगाच चर्चा नको. पण "माझं नेट बारा वाजेपर्यंत बंद आहे" हे वाक्य वाचलंत की कळेल हे कोणाला लिहिलंय.

नोकरी सोडून दोन महिने होत आले. नवीन ठिकाणी बरं चाललंय, म्हणजे स्वर्ग वगैरे नाहीये पण रात्री दहाला फोन वाजत नाही, एवढं पुरे आहे मला सध्या. परवा नवीन एचआरचा फोन आला, म्हणाल्या तुमचं आधीच्या कंपनीचं व्हेरिफिकेशन क्लीन आलं, दोन दिवसात आलं. मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि पाच मिनिटं तसाच बसून राहिलो. क्लीन. तुम्हाला आणि मलाच माहीत आहे ते किती थोडक्यात क्लीन राहिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अडीच वर्षं मी एका अशा नोकरीत होतो जी मला आवडत नव्हती. छळ वगैरे म्हणणार नाही, तो शब्द ज्यांचा खरंच छळ होतो त्यांच्यासाठी ठेवू. पण रोज सकाळी मोबाईल हातात घेताना पोटात गोळा यायचा. काम म्हणजे व्हेंडरची बिलं जुळवणं, ते कंटाळवाणं असलं तरी मला जमत होतं, तक्रार कामाची नव्हतीच. तक्रार अशी की रजा मागायची म्हणजे उधारी मागितल्यासारखी मागायची, केलेलं काम वर जाताना दुसऱ्याच्या नावाने जायचं आणि चूक खाली येताना बरोब्बर माझ्या नावाने यायची. शेवटी एका संध्याकाळी, महिन्याभरापूर्वी मंजूर झालेली रजा रद्द झाल्याचं मला ग्रुपवर कळलं. मला वेगळं सांगितलं पण नाही. ग्रुपवर मेसेज, आणि त्याला नऊ जणांनी अंगठा दिला. तो अंगठा मला जास्त लागला, रजेपेक्षा. मोजले मी, नऊ.

त्या रात्री पावणेबाराला मी फोनवरून, माझ्या स्वतःच्या आयडीवरून राजीनामा पाठवला. राजीनामा कसला, पंचनामा होता तो. अडीच वर्षात गिळलेलं सगळं एका दमात, कोण काय म्हणालं, कधी म्हणालं, कोणाची लायकी काय आहे, एका वाक्यात तर मॅनेजरच्या घरापर्यंत गेलो होतो, ज्याची आज लाज वाटते. सीसीमध्ये पूर्ण टीम टाकायची होती पण फोनवर एकेकाचा आयडी शोधायचा कंटाळा आला, म्हटलं सकाळी सगळ्यांना फॉरवर्ड करू. आळशीपणाने आयुष्यात एकदाच माझं भलं केलं ते असं. मेल फक्त तुम्हाला आली.

जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे ओढायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, ते पण सेटिंगमध्ये जाऊन वाढवून ठेवले असतील तर. माझे ते ३० सेकंद मी छाती फुगवून खोलीत फेऱ्या मारण्यात घालवले.

सकाळी साडेआठच्या आत तुमचा फोन. मी उचलला तोच भांडायच्या तयारीने. तुम्ही म्हणालात, "मेल वाचली. पूर्ण वाचली, दोनदा." मग जरा थांबलात. मी वाट बघत होतो की आता पॉलिसी येईल, आता "वुई आर लाइक अ फॅमिली" येईल. तुम्ही विचारलंत, "झोप लागली का रात्री?"

मॅडम, अडीच वर्षात त्या बिल्डिंगमधून मला कोणी हे विचारलं नव्हतं.

मी काहीतरी बडबडलो. मग तुम्ही म्हणालात, "तुम्ही जा, मी थांबवत नाहीये, मी तुमच्या जागी असते तर आधीच गेले असते. पण हा कागद तुमच्या फाइलला लागणार. पाच वर्षांनी कोणीतरी ती फाइल उघडेल, त्याला तुमचा मॅनेजर माहीत नसेल, ती रजा माहीत नसेल, त्याला फक्त ही भाषा दिसेल." मी तिरमिरीत म्हटलं, लावा फाइलला, बघून घेईन. त्यावर तुम्ही अगदी साध्या आवाजात, "ठीक आहे, पण माझं नेट आत्ता बंद आहे, बारा वाजता येईल. बारा वाजता माझ्या इनबॉक्समध्ये जो राजीनामा सगळ्यात वर असेल तो मी लावेन." आणि फोन ठेवलात.

बंद नेटवर तुम्ही ती मेल दोनदा कशी वाचलीत हे माझ्या डोक्यात यायला मला अकरा वाजले. मग मी हसलो, त्या आठवड्यात पहिल्यांदाच, आणि बसून चार ओळी लिहिल्या. अमुक तारखेपासून राजीनामा, नोटीस पूर्ण करेन, हँडओव्हर देईन, धन्यवाद. ११ वाजून ५२ मिनिटांनी पाठवली. बारा वाजून एक मिनिटाने तुमचं उत्तर, एका शब्दाचं. "मिळाला."

हे मी एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला अरे ती कंपनीलाच वाचवत होती, तुझं लेखी तिने गायब केलं, एचआर कधी कोणाचा असतो का. मला पण एक दिवस तसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग एक्झिट फॉर्म भरायची वेळ आली. त्यात "सोडण्याचं कारण" असा एक रकाना असतो आणि सगळं जग तिथे "बेटर अपॉर्च्युनिटी" लिहितं. मी पण तेच लिहायला घेतलं तर तुम्हीच पेन थांबवलंत, म्हणालात, खरं लिहायचं असेल तर ही जागा आहे, फक्त विशेषणं नको, तारीख लिहा आणि काय झालं ते लिहा. आणि माझ्या त्या रात्रीच्या मेलमधल्या तीन गोष्टी तुम्ही बोटावर मोजून दाखवल्यात. तुम्हाला पाठ होत्या! माझ्या एवढ्या थयथयाटातून कामाच्या नेमक्या तीन गोष्टी तुम्ही वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, मला स्वतःला त्या सापडल्या नसत्या. गायब करणारा माणूस असं करत नाही. त्या फॉर्मचं पुढे कोणी काय केलं मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

आता जरा दुसऱ्या बाजूचं. माझ्या पहिल्या नोकरीत मी राजीनामा दिला तेव्हा अगदी सभ्य भाषेत दिला होता, नेटवरून नमुना शोधून. त्याचं बक्षीस म्हणजे साहेबांनी महिनाभर माझ्याशी बोलणं बंद केलं, समोरून गेलो तरी भिंतीकडे बघायचे, शेवटच्या दिवशी "बघू किती टिकतोस" एवढं बोलले आणि रिलिव्हिंग लेटर पाच महिने अडकवलं. पाच महिने! दर आठवड्याला मेल, दर आठवड्याला "प्रोसेसमध्ये आहे". एक कागद हो, ज्यावर तीन ओळी आणि एक सही. त्या पाच महिन्यात मी इतकं शिकलो की चांगलं वागून काही मिळत नाही, आणि ती रात्रीची मेल खरं तर त्याच साहेबांना होती, पत्ता तेवढा चुकला. साहेब, तुम्ही कधी हे वाचलंत तर, टिकलो.

नोटीस पिरियडमध्ये एक गंमत वाचनात आली. डॅनियल कानमन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग छापला होता. लोकांना एक हात १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद बुडवून ठेवायला लावला. दुसऱ्या खेपेला दुसरा हात, तेच ६० सेकंद, वर अजून ३० सेकंद, फक्त त्या ३० सेकंदात पाणी हळूहळू १५ अंशापर्यंत आणलं. म्हणजे त्रास जास्तच वेळ. मग विचारलं यातलं कुठलं परत कराल, तर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. शेवट जरासा बरा झाला म्हणून. एक अंश हो फक्त!

तर माझंही तेच झालंय का असं मी स्वतःला विचारतो. ती अडीच वर्षं तुमच्यामुळे चांगली होत नाहीत, पाणी गारच होतं आणि ते मी कोणाला गरम होतं म्हणून सांगणार नाही. पण शेवटचे दिवस मी त्या खुर्चीत ताठ बसलो होतो हे खरं आहे. हँडओव्हरची फाइल मी अशी बनवली की कोणत्या व्हेंडरचं बिल कुठे अडकतं, कोणाला मेल न करता सरळ फोन करायचा, आणि एका शीटमधल्या पिवळ्या कॉलमला का हात लावायचा नाही (लावला की मागच्या तीन महिन्यांचे आकडे हलतात, मी एकदा हलवलेत) सगळं लिहिलं. माझ्या जागी आलेला मुलगा नुकता कॉलेजमधून बाहेर पडलेला, त्याने माझं काय बिघडवलं होतं? तुमचा फोन आला नसता तर मी त्याला रिकामं फोल्डर देऊन मजा बघत बसलो असतो, मला माझी खात्री आहे. नऊ अंगठ्यांतल्या दोघांनी जाताना येऊन बोलून घेतलं, एकाने तर "मी मेसेज न वाचताच अंगठा देतो रे" म्हणून सांगितलं, जे मला पटलं, कारण मी पण तेच करायचो. मॅनेजर काही बोलला नाही. पण हँडओव्हरच्या मेलवर त्याने "नीट केलंयस" असं लिहिलं, आता ठीक आहे, त्याच्याकडून तेवढंच यायचं.

चांगुलपणा म्हटलं की आपल्याला मोठं काहीतरी वाटतं, कोणी नोकरी पणाला लावली, कोणी साहेबाशी भांडलं. तुम्ही असलं काही केलं नाहीत. तुम्ही साडेतीन तास एक मेल फाइलला न लावता थांबलात, बस. तुम्हाला त्याचे मार्क मिळाले नसतील, कोणाला कळलं पण नसेल, उलट माझी ती भाषा वाचून तुमचीच सकाळ खराब झाली असेल, कारण त्यात एचआरबद्दल पण दोन ओळी होत्या. तो विषय तुम्ही एकदाही काढला नाहीत.

शेवटच्या दिवसाचं तेवढं सांगतो. कार्ड जमा केल्यावर लक्षात आलं की बाहेर पडायला पण कार्ड लागतं. सोडून जाणाऱ्याला सिक्युरिटीवाला सोबत घेऊन जातो हे मी आधी बघितलं होतं, सगळ्यांच्या डेस्कसमोरून, चोर पकडल्यासारखं. तुम्ही सिक्युरिटीला हाताने नको म्हणालात आणि स्वतः उठलात. चार दारं. प्रत्येक दाराला तुमचं कार्ड, बीप, आणि तुम्ही दार धरून उभ्या. मी पूर्ण रस्ता मनात एक छान वाक्य जुळवत होतो, शेवटच्या दारापाशी म्हणणार होतो. शेवटचं दार बीप झालं, मी बाहेर गेलो, पाठीवरची बॅग सावरून वळलो, तोपर्यंत ते बंद झालं होतं. काचेतून तुम्ही हात केलात. मी काहीतरी बोललो पण ती काच जाड आहे.

ते वाक्य आता आठवत नाही. थँक्यू मॅडम.